मोटारचोर आणि घरची गुप्त कळ

मोटारीला कुलूप असते, अलीकडच्या मोटारींत किल्लीतील चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणाही असते. मग घरी चार तारा जोडून आणखी काही करण्याचे प्रयोजन काय, असे श्रोते विचारतील. प्रयोजन एवढेच की, कारखान्यातील यंत्रणा एका जातीच्या हजारो मोटारींत एकसारखी असते. चोराने ती एकदा शिकून घेतली की ती विद्या त्याला गावोगाव उपयोगी पडते. घरी लपविलेली कळ मात्र त्याला त्या एका मोटारीपुरती नव्याने शोधावी लागते, आणि रस्त्यावर तेवढी सवड त्याला नसते.

प्रीमियर पद्मिनीसारखी जुनी पेट्रोल मोटार घेऊ. बॅटरीचा प्रवाह किल्लीच्या स्विचमधून कॉइलमध्ये जातो आणि तेथून डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटांतून गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे अर्थला, मिळतो. पॉइंट उघडले की प्रवाह एकदम तुटतो, कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. चोर किल्लीचा स्विच टाळून बॅटरीची तार सरळ कॉइलला जोडतो. म्हणून किल्लीच्या वाटेवर दुसरा स्विच बसविण्यात फारसा अर्थ नाही. तोही याच युक्तीने टळतो. पण कॉइल आणि पॉइंट यांच्यामधून एक तार काढून ती लपविलेल्या कळीतून सांगाड्याला जोडली, तर पॉइंट उघडले तरी प्रवाह तुटत नाही. ठिणगीच पडत नाही. चोर स्टार्टर मारीत राहतो आणि इंजिन काही बोलत नाही. फक्त ही कळ लावलेली असताना किल्ली चालू ठेवू नये, कॉइल तापते.

नव्या मोटारींत पॉइंट नाहीत. तेथे हौशी माणसाचे लक्ष पेट्रोलच्या विद्युत् पंपाकडे जाते. पंपाच्या रिलेची बारीक तार तोडून मध्ये कळ घातली की पेट्रोल थांबते. युक्ती सोपी आहे, पण आम्हाला ती पसंत नाही. घाटाच्या उतारावर त्या कळीचा सांधा निसटला, तर चालते इंजिन बंद पडेल. सुकाणू जड होईल आणि ब्रेकला मिळणारी मदत दोनचार दाबांत संपेल. चोरापासून गाडी वाचविताना आतली माणसे धोक्यात घालणे हा कोणता हिशेब? तीच कळ स्टार्टरच्या रिलेच्या तारेत घालावी. ती बिघडली तर गाडी चालू होणार नाही, पण चालती गाडी बंदही पडणार नाही. साध्या गिअरची गाडी ढकलून सुरू करता येते हा यातील दोष खरा. तो आम्ही पत्करतो. तारेला फ्यूज हवाच, आणि काम जाणत्या वायरमनकडून करून घ्यावे.

डॅशबोर्डवर लुकलुकणारा तांबडा दिवा हा निव्वळ बुजगावण्याचा प्रकार आहे, पण स्वस्त आहे. एक एलईडी, १,२०० ओहमचा रेझिस्टर आणि १९७२ साली बाजारात आलेला ५५५ टायमर हे त्याचे मुख्य भाग. गंमत अशी की, दिव्यापेक्षा तो जुन्या घडणीचा टायमरच अधिक वीज खातो: सुमारे ८ मिलिअँपिअर. गाडी महिनाभर उभी राहिली तर बॅटरीतून जवळजवळ ६ अँपिअर-तास जातात. सीमॉस जातीचा टायमर घेतल्यास हा खर्च नगण्य होतो.

किल्ली खिशात ठेवूनच उघडणाऱ्या मोटारींची गोष्ट निराळी. झुरिक येथील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की, गाडी व किल्ली यांच्यातील रेडिओसंदेश मध्येच पकडून पुढे पोहोचविला, तर किल्ली दूर असतानाही दार उघडते आणि इंजिनही चालू होते. चिपची गुप्त भाषा फोडावी लागत नाही. चोर केवळ निरोप्या होतो. यावर घरगुती उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा. मात्र प्रत्येक डबा उपयोगी पडेलच असे नाही. किल्ली डब्यात ठेवून, डबा हातात घेऊन दाराशी उभे राहावे आणि दार उघडून पाहावे. उघडले तर डबा बदलावा. खुंटीला टांगलेली दुसरी किल्लीही त्याच डब्यात ठेवावी.