‘पेन ड्राइव्ह’मधील फाइल उघडत नाही? आधी हात आवरा!

प्रबंध सादर करण्यास दोन दिवस उरलेले असतात. विद्यार्थी पेन ड्राइव्ह घेऊन छपाईच्या दुकानात जातो आणि तेथील संगणक ‘फाइलमध्ये दोष आहे’ असा संदेश देतो. घाबरून तो फाइल पुन:पुन्हा उघडून पाहतो, कोणीतरी सांगितले म्हणून पेन ड्राइव्ह ‘फॉर्मॅट’ करतो, त्यावरच नवी फाइल साठवितो. वर्षभराचे श्रम वाया जातात ते बहुतेकदा या घाईमुळे. मूळ बिघाडामुळे नव्हे.

फाइल बिघडणे आणि फाइल नष्ट होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पेन ड्राइव्हमध्ये मजकूर एकीकडे आणि तो कोठे ठेवला आहे याची सूची दुसरीकडे असते. ग्रंथालयाची सूची फाटली, तरी पुस्तके कपाटातच असतात, तसाच हा प्रकार. फाइल साठविली जात असतानाच पेन ड्राइव्ह ओढून काढला किंवा वीज गेली, तर सूची अथवा मजकूर अर्धवट लिहिला जातो. पुसलेल्या फाइलचा मजकूरही त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत बहुधा शिल्लक असतो. म्हणूनच पहिला नियम असा, की त्या पेन ड्राइव्हवर नवे काहीही लिहू नये. ‘फॉर्मॅट करावयाचे काय?’ असे विंडोजने विचारल्यास ‘कॅन्सल’ म्हणावे. ‘चेकडिस्क’ ही दुरुस्तीची आज्ञाही पेन ड्राइव्हवर फेरफार करते. ती प्रत काढण्यापूर्वी देऊ नये.

खरोखर बिघाड आहे काय?

जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्यास रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. ही फाइल बिघडलेली नसते. फॉन्ट बसविताच मजकूर पूर्ववत दिसतो. फोल्डरच्या जागी ‘शॉर्टकट’ दिसत असल्यास तो व्हायरसचा प्रताप असू शकतो. मूळ फाइल तेव्हा बहुधा केवळ लपविलेल्या असतात. अशा शॉर्टकटवर क्लिक न करता आधी अँटिव्हायरसने तपासणी करावी.

प्रथम प्रत, मग उपचार

फाइल दिसत असल्यास ती संगणकाच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी आणि सर्व प्रयोग त्या प्रतीवरच करावेत. वर्डमध्ये ‘ओपन’च्या खिडकीत फाइल निवडून ‘ओपन’ बटणाशेजारील बाणावर क्लिक केल्यास ‘ओपन अँड रिपेअर’ हा पर्याय मिळतो. किरकोळ दोष असल्यास तेवढ्यानेच काम भागते.

ते साधले नाही, तर पुढचा उपाय आहे. वर्ड २००७ पासून रूढ झालेली ‘डॉक्स’ फाइल ही प्रत्यक्षात अनेक लहान फाइलींचे ‘झिप’ गाठोडे असते. प्रतीच्या नावातील शेवटचे ‘डॉक्स’ बदलून ‘झिप’ केल्यास ते गाठोडे उघडता येते. त्यातील ‘वर्ड’ फोल्डरमध्ये ‘डॉक्युमेंट’ नावाच्या ‘एक्सएमएल’ फाइलीत मजकूर, तर ‘मीडिया’ फोल्डरमध्ये चित्रे असतात. मांडणी गेली, तरी शब्द हाती लागतात. आशा कितपत आहे हे नोटपॅडमध्ये प्रत उघडून ताडता येते. प्रारंभी रोमन लिपीतील ‘पी’ व ‘के’ ही ‘झिप’चे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे दिसल्यास प्रयत्न करण्यासारखा आहे. सर्वत्र कोरेच दिसल्यास या फाइलीत मजकूर उरलेला नाही, असे समजावे.

फाइलच दिसत नसल्यास ‘फोटोरेक’ किंवा ‘रेकुव्हा’ ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. नावात फोटो असला, तरी ‘फोटोरेक’ वर्डच्या फाइलीही शोधते. ते सूचीवर विसंबून न राहता फाइलीच्या प्रारंभीच्या खुणा शोधते. त्यामुळे सापडलेल्या फाइलींना मूळ नावे बहुधा नसतात. सापडलेल्या फाइली त्याच पेन ड्राइव्हवर कदापि साठवू नयेत. संगणक पेन ड्राइव्ह ओळखतच नसेल, तर दोष विद्युतभागांत असण्याचा संभव असतो. तेथे सॉफ्टवेअर निरुपयोगी ठरते व खर्चिक प्रयोगशाळेचाच मार्ग उरतो.

हे सारे करण्यापूर्वी, ज्या संगणकावर लेखन केले तेथे वर्डने आपोआप ठेवलेली प्रत आहे काय, मार्गदर्शकांना पूर्वी ई-मेलने पाठविलेले प्रकरण उपलब्ध आहे काय, हे अवश्य पाहावे. अनेकदा हरवलेला मजकूर तेथेच मिळतो.

पेन ड्राइव्ह हे ने-आण करण्याचे साधन आहे, तिजोरी नव्हे. लेखन संगणकावर करावे, रोजची प्रत तारखेसह वेगळ्या नावाने ठेवावी, एक प्रत स्वत:लाच ई-मेल करावी आणि ‘सेफली रिमूव्ह’ केल्याखेरीज पेन ड्राइव्ह काढू नये. याला लागतात दोन मिनिटे. वर्षभराच्या कामापुढे ती फार नाहीत.