भूक लागते, बोट लागते, नोकरी लागते... एका 'लागणे'साठी इंग्रजीत किती क्रियापदं लागतात?

घोलवड स्टेशनला उतरून रिक्षा केलीत की आधी बोर्डी लागतं आणि बोर्डीच्या पुढे झाई. रस्त्यात चिकूच्या वाड्या लागतात. अंगाला समुद्राचा वारा लागतो. पोहोचेपर्यंत भूक लागते. किनाऱ्याला मासेमारीच्या बोटी लागलेल्या असतात आणि सोबतच्या एखाद्याला गाडी लागलेली असते.

या छोट्याशा परिच्छेदात 'लागणे' सहा वेळा येऊन गेलं. वाचताना तुम्ही कुठेच अडखळला नाहीत. आता हाच परिच्छेद इंग्रजीत करून बघा. गाव लागतं तिथे 'रीच', वारा लागतो तिथे 'फील', भूक लागते तिथे 'बी हंग्री', बोट लागते तिथे 'डॉक' आणि गाडी लागते तिथे 'गेट सिक'. मराठीत जे काम एक क्रियापद करतं, त्यासाठी इंग्रजीत अख्खी टीम उतरवावी लागते.

हे असं का होतं? आणि याने नक्की काय फरक पडतो? समजून घेऊया.

आधी यादी बघू

'लागणे'चे रोजच्या बोलण्यातले अर्थ मोजायला घेतले तर बोटं पुरत नाहीत.

स्पर्श होणे: भिंतीला हात लागला.
इजा होणे: गुडघ्याला लागलं.
मनाला दुखापत होणे: त्याचं बोलणं फार लागलं.
शरीराची गरज जाणवणे: तहान लागली, झोप लागली.
खर्ची पडणे: दोन तास लागतील, शंभर रुपये लागतील.
मिळणे: नोकरी लागली, लॉटरी लागली.
चव जाणवणे: सुकट खारट लागतेय.
नातं असणे: तो माझा मामा लागतो.
फळ धरणे: झाडाला चिकू लागले.
सुरुवात होणे: पाऊस पडायला लागला.
सक्ती असणे: मला जावं लागेल.

शिवाय फोन लागत नाही, निकाल लागतो, दार लागतं, डोळा लागतो आणि नजरही लागते.

मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ साली आला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. त्यातही 'लागणे'ची नोंद चांगलीच लांबलचक आहे. म्हणजे हा गुंता आजचा नाही.

आणि तो फक्त मराठीचाही नाही. इंग्रजीतलं साधं 'रन' घ्या. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादकांनी या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले आहेत. माणूस धावतो, कंपनी चालते, नळ वाहतो, निवडणूक लढवली जाते, सगळीकडे 'रन'. जी क्रियापदं आपण सगळ्यात जास्त वापरतो, त्यांनाच सगळ्यात जास्त अर्थ चिकटतात.

मूळ एकच: चिकटणे

'लागणे'चं मूळ संस्कृतातल्या 'लग्' या धातूत आहे. अर्थ चिकटणे, जोडलं जाणे. याच धातूपासून 'लग्न' हा शब्द आला. पण त्याचा प्रवास सरळ 'दोन माणसं जोडली गेली' असा नाही. ज्योतिषात पूर्व क्षितिजाला लागलेली, म्हणजे त्या क्षणी उगवणारी रास म्हणजे लग्न. त्यावरून शुभ मुहूर्ताला लग्न म्हणू लागले आणि मुहूर्तावरून विवाहालाच ते नाव पडलं. 'लागवड', 'लागण' आणि 'लगत' हे शब्दही याच कुटुंबातले.

आता वरची यादी पुन्हा वाचा. प्रत्येक ठिकाणी काहीतरी येऊन कशाला तरी भिडतंय. बोट किनाऱ्याला, फळ झाडाला, चव जिभेला, भूक माणसाला. कामाला वेळ 'लागतो' म्हणजे तेवढा वेळ त्या कामाला जोडला जातो.

आणखी एक गोष्ट दिसेल. 'मला भूक लागली' या वाक्यात मी काहीच केलेलं नाही. कर्ता भूक आहे. ती आली आणि मला लागली. इंग्रजी माणूस म्हणतो 'आय ॲम हंग्री', म्हणजे मी भुकेला आहे. फ्रेंच माणूस म्हणतो 'माझ्याकडे भूक आहे', कारण तिथे भुकेसाठी 'असणे, जवळ बाळगणे' या अर्थाचं 'आव्वार' हे क्रियापद वापरतात. भूक तीच, पण तिच्याकडे बघायच्या तीन तऱ्हा.

गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये 'लागणे'चा एक चुलतभाऊ सापडतो. 'इल म फो' या तीन शब्दांचा अर्थ आहे 'मला लागतं'. त्याला 'पाणी' जोडलं की 'मला पाणी लागतं'. 'दोन तास' जोडलं की 'मला दोन तास लागतात'. औपचारिक फ्रेंचमध्ये 'जाणं' जोडलं की 'मला जावं लागतं'. गरज, वेळ आणि सक्ती ही तिन्ही कामं एकच क्रियापद करतं, आणि तिथेही माणूस कर्ता नसतो, 'मला' असतो. इंग्रजीत याच तीन वाक्यांसाठी 'नीड', 'टेक' आणि 'हॅव टू' अशी तीन वेगळी दारं ठोठवावी लागतात.

झाईच्या पलीकडे 'लागणे' बदलतं

आता परत झाईला येऊ. पालघर जिल्ह्यातल्या तलासरी तालुक्यातलं हे मच्छीमारांचं गाव गुजरातच्या सीमेला लागून आहे. पलीकडे उंबरगाव. १ मे १९६० पर्यंत उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. मुंबई राज्याचे दोन भाग झाले तेव्हा त्यातली काही गावं गुजरातेत गेली आणि काही महाराष्ट्रात राहिली. राज्यांची सीमा ठरली, पण बाजार, नोकरी, नातीगोती आणि दवाखाने यांसाठी ये-जा चालूच राहिली. त्यामुळे या पट्ट्यात मराठी आणि गुजराती दोन्ही कानांवर पडतात.

दोन्ही भाषांत 'भूक लागणे' आहे, 'वेळ लागणे' आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, क्रियापद तर एकच आहे. आणि तिथेच पाय घसरतो.

मराठी माणूस म्हणतो 'मला लागलं'. म्हणजे इजा झाली. गुजरातीत 'मने लाग्युं' म्हणजे मला वाटलं. इजा झाली हे सांगायचं तर सहसा 'मने वाग्युं' म्हणतात. आणि 'वागवुं' म्हणजे आपलं 'वाजणे', कारण पाच वाजले हे गुजरातीत 'पांच वाग्या' असं होतं.

आता उलटं बघा. मराठीत थंडी 'वाजते'. गुजरातीत 'ठंडी लागे छे', म्हणजे थंडी लागते. थोडक्यात, आपल्याला इजा 'लागते' आणि थंडी 'वाजते', त्यांना इजा 'वाजते' आणि थंडी 'लागते'. दोन शेजाऱ्यांनी भांडी अदलाबदल करून नेल्यासारखं झालंय.

सक्तीच्या वाक्यातही फरक आहे. आपण म्हणतो 'जावं लागतं', गुजरातीत 'जवुं पडे छे'. आपल्याला पाणी 'लागतं', त्यांना 'जोईए'.

हे फक्त गमतीपुरतं आहे का?

नाही. समजा सीमेजवळचा कुणी बोटीवर पाय घसरून पडला आणि उपचारासाठी वापी किंवा वलसाडला गेला. तिथे तो घाईत एवढंच म्हणाला, 'मला लागलं.' समोरच्याला मराठी येत नसेल, तर हा माणूस पडलाय की त्याला काहीतरी वाटतंय, हे कळायलाच दोन-चार प्रश्न जास्त जातील. फोनवरच्या भाषांतर ॲपचीही तीच अडचण. ॲप आजूबाजूच्या शब्दांवरून अर्थाचा अंदाज बांधतं. वाक्यच दोन शब्दांचं असेल तर अंदाज कशाच्या जोरावर बांधणार?

ही दोन वाक्यं बघा:

'सुरी सोबत ठेव, लागेल.'
'सुरी जपून धर, लागेल.'

पहिल्यात सुरीची गरज पडेल, दुसऱ्यात सुरी हात कापेल. शेवटचा शब्द अक्षरशः तोच. फरक मागच्या शब्दांनी केला.

आणखी एक धोका खास आपल्यासाठी, म्हणजे दिवसभर पोस्ट टाकणाऱ्या आणि फॉरवर्ड करणाऱ्यांसाठी. 'आग लागली' आणि 'आग लावली' यांत फक्त एका अक्षराचा फरक आहे. 'लागली' म्हणजे घटना घडली, कुणी केली हे माहीत नाही. 'लावली' म्हणजे कुणीतरी मुद्दाम केली. दुसरा शब्द थेट गुन्ह्याचा आरोप आहे. तपास व्हायच्या आधीच कुणी 'ग'चा 'व' केला, तर तो मेसेज शंभर ग्रुपमध्ये फिरेपर्यंत आरोपी ठरलेला असतो.

मग करायचं काय?

'लागणे'चं भाषांतर करताना तीन गोष्टी तपासा.

एक, मागे क्रियापद आहे का आणि कोणत्या रूपात? 'रडायला लागला' असेल तर सुरुवात, 'रडावं लागलं' असेल तर सक्ती.

दोन, काय लागलं? भूक, वेळ, नोकरी की मार? ते नाव वाक्यात नसेल तर आधी घाला. इंग्रजीत नेमकं कोणतं क्रियापद घ्यायचं, हे तेच ठरवतं.

तीन, कुणाला लागलं? मराठीतला हा 'मला' इंग्रजीत बहुतेक वेळा 'आय' होऊन वाक्याच्या सुरुवातीला बसतो.

इंग्रजी बोलताना याच जागी अडखळणारे खूप जण आहेत. आपलं इंग्रजी कच्चं आहे, असं त्यांना वाटतं. खरं तर ते एका अशा वाक्यातून बाहेर पडत असतात ज्यात माणूस कर्ता नाही, आणि अशा वाक्यात शिरत असतात ज्यात त्याला कर्ता व्हावंच लागतं. एवढी उलथापालथ करायला थोडा वेळ लागणारच.

आणि दवाखान्यात, मग तो सीमेच्या अलीकडचा असो की पलीकडचा, 'मला लागलं' एवढ्यावर थांबू नका. कुठे लागलं, कशाने लागलं आणि कधी लागलं, तेही सांगा.