हिशेब चुकता करायला आलेला प्रियकर

प्रेमभंग झालेल्या माणसाने काय करावे, याची उत्तरे आपल्या सिनेमाने केव्हाच पाठ करून ठेवली आहेत. त्याने दारू प्यावी, दाढी वाढवावी किंवा तिच्याच लग्नात पियानोवर बसून गाणे म्हणावे. बाझ लुहरमन या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाच्या ‘मूलाँ रूज’ (२००१) या संगीतपटातला ख्रिश्चन मात्र शेवटच्या प्रवेशात निराळेच काही करतो. तो पैसे द्यायला येतो.

गोष्ट थोडक्यात अशी. काळ १८९९-१९००चा, जागा पॅरिसच्या मोंमार्त्र भागातले नाचगाण्याचे प्रसिद्ध ठिकाण. खिशात दमडी नसलेला लेखक ख्रिश्चन (युअन मॅक्‌ग्रेगर) तिथल्या सातीन (निकोल किडमन) या नर्तकीच्या प्रेमात पडतो, तीही त्याच्या. नव्या नाटकाला पैसा पुरवणारा ड्यूक तिच्यावर मालकी सांगून बसलेला. ख्रिश्चनच्या जिवाला धोका आहे हे कळल्यावर सातीन त्याला वाचवण्यासाठी खोटेच सांगते, की मी ड्यूककडेच राहणार. तिला क्षय झाला आहे, याचा त्याला पत्ता नसतो. पहिल्या प्रयोगाच्या रात्री तो तिला रंगमंचामागे गाठतो आणि आपण देणे फेडायला आलो आहोत, असे बजावतो.

माझी उमेदीची सगळी वर्षे बँकेत गेली. ‘देणे’ हा शब्द ऐकला की अजूनही माझ्यातला जुना अधिकारी जागा होतो आणि पहिला प्रश्न विचारतो: मागितले कुणी? सातीनने त्याच्याकडे एक छदामही मागितलेला नाही. मग न मागितलेल्या रकमेचा हा भरणा कशासाठी?

सूड म्हणून, अपमान करण्यासाठी, हे सरळ उत्तर. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. अपमान करायला शब्द पुरतात, आणि हा तर लेखक. पैसे दिल्याने आणखी एक गोष्ट साधते. मागच्या सगळ्या नोंदी बदलून जातात. काल जे प्रेम होते, ते आज खरेदी ठरते. तो तिला वेश्या ठरवतो, हे सर्वांनाच दिसते. त्याच झटक्यात तो स्वतःला गिऱ्हाईक ठरवून घेतो, हे चटकन लक्षात येत नाही. गिऱ्हाइकाचा प्रेमभंग होत नाही. माल घेतला, दाम मोजले, विषय संपला. ख्रिश्चनला ही सुटका हवी आहे आणि ती तो पैसे मोजून विकत घेऊ पाहतो.

हा प्रियकर लुहरमनच्या डोक्यातून एकाएकी निघालेला नाही. त्याचे घराणे जुने आहे. धाकट्या अलेक्झांडर द्युमाने १८४८ साली ‘ला दाम ओ कामेलिया’ ही कादंबरी लिहिली. तिची नायिका मार्गरीत ज्या मारी द्युप्लेसीवरून घडली, ती द्युमाची एके काळची प्रेयसी. १८४७ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी ती क्षयाने गेली. कादंबरीतला आर्मां एका रात्रीनंतर मार्गरीतला पाचशे फ्रँकची नोट पाठवतो, सोबत रात्रीच्या मोबदल्याचा उल्लेख करणारी चिठ्ठी. नोट परत येते. पुढे व्हेर्दीच्या ‘ला त्राव्हियाता’ या ऑपेरात (व्हेनिस, १८५३) हाच प्रियकर, आता आल्फ्रेदो नावाने, भरल्या मेजवानीत पाहुण्यांना साक्षीला बोलावतो आणि जुगारात जिंकलेले पैसे व्हिओलेत्तावर फेकतो. ती कोसळते. दोन्हीकडे त्या स्त्रीने प्रियकराच्या भल्यासाठीच त्याला सोडलेले असते, आणि त्याच्या बापाला दिलेल्या शब्दाखातर खरे कारण मनात ठेवलेले असते.

गंमत अशी, की आर्मांपासून ख्रिश्चनपर्यंत साक्षीदार वाढतच गेले. आर्मांची नोट पाकिटात होती, आल्फ्रेदोचे पैसे मेजवानीत उधळले गेले. ख्रिश्चन आणि सातीनचे भांडण पडद्यामागे चालू असताना दारे उघडतात आणि दोघे भरगच्च प्रेक्षागृहासमोर उभे राहतात. तो तिला पैसे घ्यायला सांगत राहतो, ती घेत नाही. अखेर तो नोटा फेकतो आणि चालू लागतो. पण फेकलेली रक्कम जमा होत नाही. समोरच्याने ती घ्यावी लागते, मोजावी लागते, पोचपावती द्यावी लागते. तिन्ही कथांत नायिका नेमकी तीच देत नाही.

शाखेत खाते बंद करायला येणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. ज्याला खरोखर बंद करायचे असते, तो मुकाट अर्ज भरतो, पासबुक सरकवतो, पैसे मोजून घेतो आणि जातो. जो काउंटरवर आवाज चढवून ‘आत्ताच्या आत्ता बंद करा’ म्हणतो, त्याला बहुधा ‘बसा हो साहेब, काय झाले ते तरी सांगा’ एवढेच ऐकायचे असते. पुढच्या महिन्यात तो पुन्हा रांगेत उभा दिसतो. ख्रिश्चन या दुसऱ्या जातीचा. हे खोटे आहे असे तिने एकदा म्हणावे, एवढ्यासाठी हा सारा आकांत.

आपल्याला हा माणूस परका वाटू नये. ‘पाकीझा’मधला (१९७२) सलीम स्वतःच्या लग्नात मुजरा करायला साहिबजानला बोलावतो, तेव्हा तोही प्रेयसीला पुन्हा तिच्या धंद्याच्या जागी उभे करत असतो. ती फुटलेल्या काचांवर नाचून त्याचे उत्तर देते. ‘मूलाँ रूज’मध्ये रंगणारे नाटकही हिंदुस्थानात घडते: एक गणिका, एक गरीब सतारिया, एक दुष्ट महाराजा, आणि त्यात ‘चायना गेट’मधल्या (१९९८) गाण्याची धून चक्क ऐकू येते.

सातीन नोटांना हात लावत नाही. ती दोघांचे असे खास गाणे गाऊ लागते आणि पाठ फिरवून निघालेला ख्रिश्चन थांबतो. गिऱ्हाईक असता तर थांबला नसता. तो वळतो, गातो, परत येतो. पडदा पडल्यावर, बाहेर टाळ्यांचा गजर चालू असताना, ती त्याच्या मिठीत प्राण सोडते. जाताना एकच मागणे करते, की आपली गोष्ट लिही. पुढे तो टंकलेखन यंत्रापुढे बसतो आणि लिहितो. तिने मागितलेले एवढे एकच देणे होते.