जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेताय? आधी हे बघा

ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स गेला की नव्याची किंमत ऐकून मुंबईतले अनेकजण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना माल शोधतात. माल चांगलाही मिळतो. पण यातला बिघाड आत असतो, बाहेरून दिसत नाही.

मॉडेल एकच असले तरी पेट्रोल आणि डिझेल गाडीचे गिअरबॉक्स वेगळे असू शकतात. म्हणून आपल्या बॉक्सवरचा नंबर जुळवा, कंट्रोल युनिट चालेल का हे मेकॅनिकला विचारा. आतले ऑइल बोटावर घ्या. काळे पडले असेल, जळका वास येत असेल तर नकोच. पॅन उघडून दिला तर चुंबक बघा: बारीक राखाडी थर चालतो, धातूचे तुकडे नाहीत. बसवताना कंपनीने सांगितलेलेच ऑइल भरा आणि कूलर साफ करून घ्या, नाहीतर जुन्या बॉक्सचा कचरा यातही जाईल.

पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर आतून ओले लागले. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही हदीस आपण ऐकलेली आहे. माहीत असलेला दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे, आणि लपलेला दोष निघाला तर माल परत करण्याचा हक्क शरीयतने ग्राहकाला दिला आहे. तरी ओळखीच्या दुकानातही परतीची मुदत बिलावर लिहून घ्या. बॉक्स कोणत्या गाडीतून निघाला तेही विचारा. चोरीचा माल स्वस्त असला तरी हलाल नाही.