शाळेआधीचा घास

बार्शीटाकळी तालुक्यातील आदिवासी वस्त्यांवर आम्ही सकाळी भेटीला जातो, तेव्हा बऱ्याच मुलांच्या हातात चहा आणि बिस्किटपुडा दिसतो. कापसाच्या दिवसांत आईवडील पहाटेच वेचणीला गेलेले असतात. लेकरू उपाशी गेले नाही, याचे त्यांना समाधान असते. पण दुपारच्या खिचडीपर्यंत त्याच्या पोटात खरे अन्न पडत नाही.

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा नियम आहे. उष्मांकांची दिवसाची गरज यातून जेमतेम तिसरा हिस्सा भागते. बाकीचे घरूनच मिळायला हवे. शिवाय खाण्यासोबत घेतलेला चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. रक्त कमी पडते, मूल वर्गात पेंगते आणि आळशी ठरते.

उपाय चुलीजवळच आहे. रात्रीची ज्वारीची भाकर कुस्करून फोडणी दिली की कुटका तयार. सोबत मटकीच्या किंवा हरभऱ्याच्या घुगऱ्या द्याव्यात. वर लिंबू पिळावे, त्याने लोह चांगले शोषले जाते. चहा द्यायचाच तर तासाभराने द्यावा. शाळेत मिळणारी लोहाची व जंताची गोळी चुकवू नये.

शुभवर्तमानात पाच हजारांचे जेवण एका मुलाजवळच्या पाच भाकरींपासून सुरू झाले. आम्ही मात्र नाताळात मुलांना बिस्किटेच वाटत आलो. यंदा शेंगदाणा-गुळाचे लाडू वाटू. आपणही भेटीला याल तेव्हा पुडे नकोत, फुटाणे आणा.