ब्लॉक घेतला, म्हणजे नेमकं काय घेतलं?

मध्य रेल्वे रविवारी ब्लॉक घेते. गिरगाव-परळच्या चाळींतून डोंबिवलीला आलेली मंडळीही एकेकाळी ब्लॉकच घेत होती. रेल्वेने घेतला की लोक घरी बसतात, आणि त्या मंडळींनी घेतला तेव्हा त्यांना बसायला घर मिळालं. शिवाय रस्त्यावर पेव्हर ब्लॉक, व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक आणि शेजारच्या काकांच्या हृदयात म्हणे तीन ब्लॉक. ठाणे-कल्याण पट्ट्यात दिवसभर तोंडात असणाऱ्या या इंग्रजी शब्दाबद्दल काही समजुती पक्क्या बसल्या आहेत. त्यातल्या एक-दोन निरुपद्रवी आहेत, एक मात्र चांगलीच महागात पडू शकते.

गैरसमज: अनेक अर्थ असतात ते अवघड शब्दांना. सोप्या शब्दाचा अर्थ एकच.

खरं तर उलट आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद होती 'सेट' या तीन अक्षरी शब्दाची. जो शब्द रोज हाताळला जातो, त्यालाच फांद्या फुटतात. मराठीत 'लागणे' घ्या. भूक लागते, नोकरी लागते, लग्न लागतं, निकाल लागतो, डोळा लागतो आणि घाटात एखाद्याला बसही लागते. हे आपण कुठल्याही यादीतून पाठ केलेलं नाही. इंग्रजी शब्दाच्या बाबतीत मात्र आपण एका शब्दापुढे एक मराठी प्रतिशब्द लिहितो आणि वही मिटतो.

गैरसमज: ब्लॉक म्हणजे मुळात अडथळा.

मुळात ब्लॉक म्हणजे ओंडका. जुन्या डच भाषेत झाडाच्या बुंध्याला हा शब्द होता, तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ओंडक्यापासून दोन वाटा फुटल्या. एक वाट ठोकळ्याची, म्हणजे घट्ट, सलग तुकड्याची: मुलांचे लाकडी ब्लॉक, पेव्हर ब्लॉक, जुन्या छापखान्यात फोटो छापायला लागणारे जस्ताचे ब्लॉक. तुकडा म्हटला की तो जमिनीचा, इमारतींचा किंवा कारभाराचाही असू शकतो. २ ऑक्टोबर १९५२ला समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा ग्रामीण भागाचे असेच ब्लॉक पाडले गेले. पंचायत समितीतले बीडीओ त्या ब्लॉकचे, म्हणून मराठीत गटविकास अधिकारी. दुसरी वाट अडवण्याची, कारण ओंडका वाटेत पडला की रस्ता बंद. बहुतेक अर्थ या दोहोंपैकी एकीवर सापडतात. समोर आलेला ब्लॉक तुकड्याचा की अडवणुकीचा, हे सोबतच्या शब्दावरून कळतं.

गैरसमज: मेगाब्लॉक म्हणजे गाड्या बंद, आणि तो बिघाडामुळे होतो.

बिघाड सांगून येत नाही, ब्लॉक वेळापत्रक लावून येतो. रेल्वेच्या भाषेत रुळांचे ठरावीक पट्टे असतात, त्यांना ब्लॉक सेक्शन म्हणतात. त्यामागचं तत्त्व असं की एका पट्ट्यात एका वेळी एकच गाडी. इथे तुकडा आणि अडवणूक हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. देखभालीसाठी तोच पट्टा काही तास गाड्यांना बंद करून कामगारांच्या ताब्यात दिला की तो झाला ट्रॅफिक ब्लॉक. वर २५ हजार व्होल्टची ओव्हरहेड वायर असते. तिचा पुरवठा तोडल्याशिवाय तिच्याजवळ काम करता येत नाही, म्हणून पॉवर ब्लॉक. 'मेगा' ही मोठेपणाची जोड.

नेहमीच्या रविवारी बहुतेक गाड्या बंद नसतात, फक्त रूळ बदलतात. धीम्या मार्गावर काम असेल तर धीमी लोकल जलद मार्गावरून जाते आणि मधली काही स्थानकं गाळते. जलद मार्गावर काम असेल तर जलद लोकल धीम्या मार्गावर येते आणि एरवी न थांबणाऱ्या ठिकाणी थांबते. म्हणून रविवारी विचारायचा प्रश्न 'ब्लॉक आहे का?' हा नसून 'कोणत्या मार्गावर, कुठून कुठपर्यंत?' हा आहे. मोठी कामं वेगळी. फेब्रुवारी २०२२मध्ये ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेसाठी ७२ तासांचा, आणि मे २०२४च्या अखेरीस ठाण्याचा पाच-सहा क्रमांकाचा फलाट रुंद करण्यासाठी ६३ तासांचा ब्लॉक झाला. त्या वेळी गाड्या खरोखरच शेकड्यांनी रद्द झाल्या.

गैरसमज: फ्लॅटला ब्लॉक म्हणणं हे चुकीचं इंग्रजी.

इंग्रजी म्हणून चूकच. ब्रिटिश इंग्रजीत 'ब्लॉक ऑफ फ्लॅट्स' म्हणजे अख्खी इमारत. पण आपण तो मराठी शब्द म्हणून वापरतो, आणि मराठीत त्याला नेमका अर्थ होता. चाळीत खोल्या असतात आणि संडास बाहेर, सामाईक. ब्लॉकमध्ये स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास सगळं एका दाराच्या आत. 'सेल्फ कंटेन्ड ब्लॉक' हे शब्द जाहिरातीत मिरवायचे ते याच कारणाने. १९६३च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्यातही व्याख्या करताना 'सेल्फ कंटेन्ड' हाच शब्द आहे. फक्त कायदा फ्लॅट म्हणाला, लोक ब्लॉक म्हणत राहिले. माझ्या मते त्यांना टोकायचं काही कारण नाही. शेजारच्या उल्हासनगरात, म्हणजे पूर्वीच्या कल्याण कॅम्पात, पत्त्यामध्ये बॅरक नंबर आणि ब्लॉक नंबर येतात. लष्करी छावणीत निर्वासितांना वसवलं गेलं, त्या काळाची ती खूण.

फसगत होते ती परदेशी. न्यू जर्सीतल्या मुलाकडे गेलेल्या आईला कोणी दुकान 'टू ब्लॉक्स' लांब आहे असं सांगितलं, तर ती दोन इमारती मोजेल. तिथे ब्लॉक म्हणजे एका आडव्या रस्त्यापासून पुढच्या आडव्या रस्त्यापर्यंतचं अंतर. मॅनहॅटनमध्ये उत्तर-दक्षिण चालताना असे वीसेक ब्लॉक म्हणजे एक मैल.

गैरसमज: ब्लॉक झालेले पैसे गेले, ब्लॉक झालेला मेसेज नंतर पोचतो.

आयपीओला अर्ज केला की रक्कम खात्यात ब्लॉक होते. ती खात्यातच राहते, वापरता मात्र येत नाही. शेअर मिळाले तरच वळती होते, नाहीतर मोकळी होते. व्हॉट्सअ‍ॅपचं उलट: ब्लॉक असताना पाठवलेला मेसेज ब्लॉक काढल्यावरही येत नाही. भांडण मिटलं तरी तो गेला तो गेलाच.

गैरसमज: हृदयात ब्लॉक आणि हार्ट ब्लॉक एकच.

महागात पडणारी समजूत ती हीच. अँजिओग्राफीनंतर 'तीन ब्लॉक निघाले' असं आपण म्हणतो, तेव्हा हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या तीन ठिकाणी अरुंद झालेल्या असतात. डॉक्टर त्याला ब्लॉकेज म्हणतात. त्यावर औषधं, स्टेंट किंवा बायपास. डॉक्टरांच्या पुस्तकातला 'हार्ट ब्लॉक' मात्र रक्तवाहिनीतला नव्हेच, तो विजेचा. हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विद्युत संदेश उशिरा पोचतो, मध्येच गळतो किंवा अजिबात पोचत नाही. पहिल्या पायरीचा सौम्य प्रकार असेल तर अनेकदा नुसतं लक्ष ठेवतात. तिसऱ्या पायरीत ठोके फार मंद होतात, चक्कर येते, शुद्ध हरपते. तेव्हा बहुधा पेसमेकर बसवावा लागतो. तिथे स्टेंटचा उपयोग नाही, कारण नळी तुंबलेलीच नसते.

त्यात भर ईसीजीच्या कागदावरच्या 'बंडल ब्रँच ब्लॉक'ची. घरचे तो वाचतात आणि बायपासच्या खर्चाची जुळवाजुळव सुरू करतात. हाही विजेच्या वाटेचाच प्रकार. उजव्या बाजूचा असेल तर तो एरवी ठणठणीत माणसातही सापडतो. डाव्या बाजूचा नव्याने दिसला, तर त्यामागे दुसरा आजार आहे का हे पाहावं लागतं. त्यामुळे फोनवर नातेवाइकांना, किंवा दुसरं मत घ्यायला गेल्यावर नव्या डॉक्टरांना, नुसतं 'ब्लॉक आहे' असं सांगू नये. रिपोर्टवरची ओळ पूर्ण वाचून दाखवावी: कोणती तपासणी, कोणती बाजू, कितवी पायरी, आणि अँजिओग्राफी असेल तर कोणती वाहिनी किती टक्के.