जठरातील आम्लाचे संप्रेरकीय नियंत्रण

जठराच्या अस्तरातील पॅरायटल पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल स्रवतात. तेथे कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारे प्रथिन, पाणी व कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून हायड्रोजन आयन उपलब्ध करून देते आणि ‘प्रोटॉन पंप’ हे दुसरे विकर एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूची ऊर्जा वापरून ते आयन जठराच्या पोकळीत ढकलते व बदल्यात पोटॅशियम आत घेते.

या क्रियेला चालना देणाऱ्या गॅस्ट्रिन या संप्रेरकाची कल्पना जॉन एडकिन्स यांनी १९०५ मध्ये मांडली. प्रथिनयुक्त अन्न जठरात पोहोचले की जठराच्या अस्तरातील जी-पेशी गॅस्ट्रिन रक्तात सोडतात. त्यामुळे त्याच अस्तरातील ईसीएल पेशींमधून हिस्टामिन हा रासायनिक संदेशवाहक स्रवतो, तसेच हिस्टामिन घडवणाऱ्या हिस्टिडीन डीकार्बॉक्सिलेज या विकराची निर्मितीही वाढते. हिस्टामिन पॅरायटल पेशींवरील एच-२ ग्राहींशी, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांशी, जोडले गेल्यावर सीएएमपी या अंतर्गत संदेशवाहकाचे प्रमाण वाढते आणि पेशीत राखून ठेवलेले पंप स्रावी पृष्ठभागावर येऊन कार्यरत होतात.

जठरातील पीएच ३ च्या खाली उतरू लागला, म्हणजेच आम्लता फार वाढली, की अस्तरातील डी-पेशींमधील सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक गॅस्ट्रिन व हिस्टामिन या दोहोंना आवर घालते. आम्लपित्तावरील औषधे याच साखळीवर काम करतात: फॅमोटिडीन एच-२ ग्राही अडवते, तर ओमेप्राझोल थेट पंपच निष्क्रिय करते.